खडूचा साचा

अकरावीच्या फॉर्मवर ‘ऐच्छिक विषय’ असा एक रकाना असतो. ऐच्छिक म्हणजे इच्छेप्रमाणे, असं शब्दकोश सांगतो. कुणाच्या इच्छेप्रमाणे, ते सांगत नाही. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरात यंदा तो रकाना भरायला सात माणसं बसली होती, आणि ज्याचा फॉर्म होता तो पोरगा दूध कट्ट्यावर गेला होता.

“बँकेत लागंल असं काय तर टाका,” आई म्हणाली. तिच्या दृष्टीने जगातले सगळे विषय दोनच प्रकारचे. बँकेत लागणारे आणि न लागणारे.

“काय बी टाक,” उद्यमनगरात लेथ चालवणारा माझा धाकटा भाऊ म्हणाला. “फिरून फिरून लेथवरच येणार हाय.”

पुण्याचा मेव्हणा मोबाईलच्या पडद्यावर अर्धाच दिसत होता, पण मत पूर्ण होतं. “दाजी, डोळे झाकून आयटी घ्या. मराठी टळतंय.”

मी गप्प होतो. या प्रांतातला माझा पूर्वेतिहास चांगला नाही.

१९८४ साली मी आठवीत होतो. शुक्रवारचे शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे. शिकवायला चित्रकलेचे सर, कारण त्यांचे हात तसेही रंगलेले असायचे. निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य होतं. शिवण, बागकाम, खडू तयार करणे, काहीही घ्या. शिवणाचं मशीन एकच आणि ते मुलींच्या ताब्यात. बागेत पडकी विहीर असल्यामुळे हेडसरांनी तिकडे पाऊल टाकायला बंदी घातलेली. अशा रीतीने मी स्वेच्छेने खडू निवडला.

खडूचा साचा पितळी होता. दोन फाळक्या, मधे खोबणी. आतून शेंगतेलात रॉकेल मिसळून बोळा फिरवायचा, म्हणजे खडू चिकटत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवायचं आणि ते घट्ट व्हायच्या आत भराभर ओतायचं. यातला ‘आत’ हा शब्द आम्हाला कधी जमला नाही. एकजण कालवायचा, दुसरा साचा धरायचा, तिसरा सरांना बोलवायला जायचा, आणि सर येईपर्यंत बादलीत बादलीच्याच आकाराचा एक खडू तयार झालेला असायचा.

त्यातून जे सुटायचे ते वाळेनात. कोल्हापुरात जुलै महिना म्हणजे काय, हे ज्यांनी राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला पाहिलाय त्यांना सांगायला नको. ज्या गावात आषाढातली चड्डी श्रावणात वाळते, तिथे खडूची काय कथा? शेवटी सरांनी खडू वाटून घरी दिले. आमच्या आईने ते सुपात पसरून शेगडीशेजारी ठेवले. त्याच सुपाशेजारी सांडग्यांचं दुसरं सूप होतं. पुढे काय झालं ते आजोबांच्या दाताला ठाऊक.

सोमवारी खडू शाळेत आणले. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. प्लास्टर इतके रुपये, तेल इतके पैसे, मजुरी शून्य. उत्पादन इतक्या पेट्या, गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे आमची शाळा. तिला नाही म्हणण्याची सोय नव्हती. याला सर ‘स्वावलंबन’ म्हणायचे. माल खपला, पण चालला नाही. तो खडू फळ्यावर ओढला की पांढरी रेघ उठायच्या ऐवजी फळ्याचीच काळी साल निघायची. मराठीच्या बाईंनी एक दिवस खडू वर धरून वर्गाला विचारलं, “हे कुणी केलंय?” आम्ही साठ जणांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. वर्षअखेरीला साठच्या साठ जणांना ‘अ’ श्रेणी मिळाली. कार्यानुभवात ‘अ’ न मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. शाळा सोडून गेलेल्या दोघांनाही होती.

या सगळ्याचं मूळ शोधायला दिल्लीला जायला नको, आजऱ्याला गेलं तरी पुरे. १९६४ साली डॉ. दौलतसिंग कोठारींच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग बसला, त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यातही त्यांचाच हात. म्हणजे पोराला चार भिंतींत कोंडून नुसतं पाठांतर करवू नये, त्याच्या हाताला काम द्यावं, हे ज्यांना मनापासून वाटत होतं त्यातला एक माणूस अस्सल आपल्याकडचा. १९६६ च्या अहवालात ‘कार्यानुभव’ हा सगळ्या शिक्षणाचा भाग असावा असं स्वच्छ लिहिलंय. कल्पना सोळा आणे होती. ती गारगोटीहून निघाली तेव्हा धडधाकट होती. आमच्या शाळेच्या तळमजल्यावर पोचेपर्यंत तिचा खडू झाला.

त्याच्याही आधी, १९३७ साली, गांधीजींनी वर्ध्याला नई तालीम मांडली होती. हातउद्योगातून शिक्षण. पण कोल्हापूरकरापुढे ‘तालीम’ हा शब्द जपून वापरावा लागतो. आमच्या पेठेत नई तालीम म्हणजे जुन्या तालमीतून भांडून बाहेर पडलेल्यांनी काढलेली. तिथे अभ्यासक्रम एकच, आणि शिकवणी पहाटे चारला. श्रेणी मात्र कुणाला फुकट मिळत नाही. खासबागेच्या मातीत पाठ लागली की लागली.

पुढे १९७७ साली ईश्वरभाई पटेलांच्या समितीने कार्यानुभवाचं बारसं पुन्हा केलं. ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’. हे नाव वेळापत्रकाच्या चौकोनात मावेना, म्हणून आमच्या शाळेत ‘का.अ.’ तसंच राहिलं. मग अकरावी-बारावीला ‘किमान कौशल्य’ आलं. त्यातलं ‘किमान’ पोरांनी लगेच मनावर घेतलं. नंतर नववी-दहावीला इंग्रजी आद्याक्षरांचे विषय आले. आमच्याकडे रस्त्याचं नाव बदललं तरी रिक्षावाला जुन्याच नावाने नेऊन सोडतो, तशातला प्रकार. पाटी नवी, तास शेवटचा, सर चित्रकलेचे.

टेक्निकलवाल्यांची गोष्ट मात्र वेगळी होती. माझा थोरला चुलतभाऊ टेक्निकलला होता, त्यामुळे आठवीतच त्याच्या बोलण्यात कानस, पटाशी, व्हाइस असे शब्द यायचे आणि आम्ही खडूवाले खाली मान घालायचो. टेक्निकलला ‘जॉब’ म्हणजे लोखंडाचा तुकडा. तो व्हाइसमध्ये धरून कानशीने घासून चौकोनी करायचा. पहिल्याच दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला जॉब मिळायचा. त्यानंतर इतकी सरकारं आली, कुणाला हे जमलं नाही.

चुलतभाऊ तो जॉब वर्षभर घासत होता. एका बाजूने काटकोन आला की दुसरीकडचा जायचा. मार्चपर्यंत तो तुकडा बोराएवढा राहिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो उद्यमनगरात एका मेस्त्रीकडे गेला. उद्यमनगर म्हटलं की जुनी माणसं म्हादबा मेस्त्रींचं नाव घेतात, आणि हातातलं भजं क्षणभर खाली ठेवून घेतात. ज्या गावाने ऑइल इंजिनं शेताच्या बांधापर्यंत पोचवली, ते गाव हे काम कुठल्या ऐच्छिक विषयात शिकलं, याची नोंद कुठल्याही मार्कलिस्टात नाही. तर त्या मेस्त्रीने तो तुकडा बोटांत फिरवला आणि म्हणाला, “केसाएवढा तिरका हाय. कुठल्या शाळेत हाईस?” भावाने नाव सांगितलं. मेस्त्री म्हणाला, “मग बरोबर हाय.” आणि त्याने दहा मिनिटांत दुसरा करून दिला. भावाला त्यात ‘अ’ मिळाली. मेस्त्री चौथी नापास होता.

मी टायपिंगला गेलो, तेही दहावीच्या सुट्टीत, राजारामपुरीत, घरातून बाहेर पडायला कारण हवं म्हणून. मिनिटाला तीस शब्द आणि चाळीस शब्द अशा सरकारी परीक्षा असायच्या. इंग्रजी टायपिंगवाल्यांना एक वाक्य सारखं बडवावं लागायचं, ज्यात सगळी अक्षरं येतात आणि एक तपकिरी कोल्हा एका आळशी कुत्र्यावरून उडी मारतो. तो कोल्हा मी हजारो वेळा उडवला. गावाचं नाव कोल्हासुरावरून पडलंय हे माहीत असूनही मला तो आपल्याच गावचा वाटायचा. तीसची परीक्षा सुटली, चाळीसला कोल्हा कुत्र्यावरच पडला. पण पुढे बँकेत चिकटलो ते त्या तीसच्या सर्टिफिकेटवर. आई म्हणते ते खोटं नाही. मी रुजू झालो आणि चार वर्षांत बँकेत कॉम्प्युटर आला.

शाळांमधला कॉम्प्युटर त्याच्याही आधी निघाला होता. दिल्लीने १९८४ सालीच, म्हणजे मी खडू ओतत होतो तेव्हा, निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं देण्याची योजना काढली होती. ती निवड आमच्या गल्लीपर्यंत आली नाही. धाकट्या बहिणीच्या वेळी आली. कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे आणि बोलायचं नाही. अंबाबाईच्या गाभाऱ्यात सुद्धा पुजारी एवढं करायला लावत नाहीत. शाळेतला एकमेव एसी तिथे होता, त्यामुळे हेडसर आणि स्कूल कमिटी बहुतेक तिथेच असायची आणि पोरं बाहेर. एका कॉम्प्युटरला चारजणी. एकीने माऊस धरायचा, दुसरीने की-बोर्ड, उरलेल्या दोघींनी वहीत माऊसचं चित्र काढायचं. त्या चित्राला दहा मार्क होते.

खंडेनवमीला उद्यमनगरात लेथची पूजा होते, मार्केट यार्डात काट्याची होते, तशी शाळेत कॉम्प्युटरची झाली. हळद, कुंकू, झेंडू. झेंडूची एक पाकळी की-बोर्डात गेली ती गेलीच. पुढची दोन वर्षं त्या कॉम्प्युटरवर ‘क’ उमटत नव्हता आणि कोल्हापूर ‘ोल्हापूर’ होऊन राहिलं होतं.

आता वाणिज्य. ही शाखा मला मनापासून आवडते, कारण तिच्या पाठ्यपुस्तकांची नावं. ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ घ्या. लेखाकर्म म्हटल्यावर भटजी बोलवावेसे वाटतात. त्याहून थोर, ‘चिटणीसाची कार्यपद्धती’. माझ्या भाचीने अकरावीला हे पुस्तक पाहिलं तेव्हा तिला वाटलं इतिहासाचं आहे, बाळाजी आवजी असणार. पहिल्या पानापासून भाग, कर्जरोखे आणि मुदतठेवी निघाल्यावर ती रडायला आली.

आमचे मामा गुळाचे अडते. शाहू मार्केट यार्डात सगळी हयात गेली. भाची त्यांच्यासमोर बसून पाठ करत होती, लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे खाते जमा. मामांनी पानाला चुना लावता लावता ऐकलं.

“घेणारा नावे, हे खरं,” ते म्हणाले. “देणारा जमा, हे बी खरं. पर घेणारा गावातच नसला तर कुठं लिवायचं?”

“तसं पुस्तकात नाही, मामा.”

“मग अर्धंच पुस्तक हाय.”

मामांना रोजकीर्द येते, खतावणी येते. वडगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरवायची जुनी विद्याही येते. तीत तोंडाने शब्द निघत नाही, शेजारच्याला पत्ता लागत नाही आणि बैल बिचारा दुसरीकडे बघत असतो. भाचीने विचारलं, “मामा, याला काय म्हणायचं?” मामा म्हणाले, “बाजार.” तिच्या पुस्तकात याच गोष्टीवर साडेचार पानं आहेत आणि शेवटी स्वाध्याय.

उद्योजकतेच्या धड्यात परदेशातल्या गॅरेजमध्ये कंपन्या काढणाऱ्यांच्या गोष्टी असतात. असोत. पण कोल्हापुरात तो धडा शिकवताना मास्तरांनी पोरांना भाऊसिंगजी रोडवर न्यावं. तिथे गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग खुद्द शाहू महाराज गाडी थांबवून तिथला चहा प्यायला लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तो प्यावा लागला. जाहिरात, भांडवल आणि कायदा असं तिन्ही एका कपात देणारी योजना पुन्हा कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. याच महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना रुपया दंड ठेवला. आज तो दंड पोराला खडू करायला लावणाऱ्या शाळेला ठेवावा, असं मला अधूनमधून वाटतं.

मधल्या काळात ‘कल चाचणी’ येऊन गेली. २०१६ पासून काही वर्षं बोर्डाने दहावीच्या पोरांचा कल मोजला. आमच्या घरात तोवर कल मोजायची पद्धत वेगळी होती, पोरगं अभ्यासाला बसल्यावर कुठल्या बाजूला कलंडतं ते बघायचं. थोरल्या पोराच्या निकालात ‘गणवेशधारी सेवा’ आलं. आईला ते वाचून दाखवलं.

“म्हंजे काय?”

“लष्कर, पोलीस, असं.”

“आणि बँडवाले?” आईने विचारलं. “त्यास्नी बी गणवेश असतोय.”

जो पोरगा दहा वर्षांत एकदाही स्वतःच्या शर्टाची गुंडी लावून शाळेत गेला नाही, त्याचा कल गणवेशाकडे आहे हे सरकारला कळलं आणि बापाला कळलं नाही, याचं मला वाईट वाटलं. तो सध्या मोबाईलच्या दुकानात बसतो. दुकानाचा टी-शर्ट आहे. चाचणी अगदीच चुकली असं म्हणता येणार नाही.

तर पुन्हा त्या रकान्याकडे आणि मेव्हण्याच्या ‘मराठी टळतंय’कडे. यात त्याची चूक नाही. अकरावीला दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं, आणि बायफोकलचं दोनशे मार्कांचं कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर मराठीबरोबर जीवशास्त्रही जातं. एका दगडात बेडूक आणि ज्ञानेश्वर. परिणामी गावातल्या निम्म्या पोरांना कॉम्प्युटरची आवड आहे असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात त्यांना निबंधाची नावड आहे. मी मासिकांत लेख लिहितो. माझ्या पोटच्या पोराने माझ्यापासून सुटका म्हणून कॉम्प्युटर घ्यावा, ही गोष्ट मी कुणाला सांगू?

आणि घेऊन शिकतात काय? शेजारची पोरगी बायफोकलला होती. तिच्या पुस्तकात ८०८५ नावाचा मायक्रोप्रोसेसर होता. तो बाजारात आला १९७६ साली, म्हणजे माझ्या मुंजीच्या आसपास. पोरगी खिशातल्या फोनवर अख्खं जग चालवते आणि परीक्षेला माझ्या बरोबरीच्या चिपच्या चाळीस पायांची नावं पाठ करते. मी तिला म्हटलं, “अगं, एवढं जुनं कशाला?” ती म्हणाली, “काका, जुनं आहे म्हणूनच सोपं जातंय. प्रश्न बदलत नाहीत.” या उत्तरातलं व्यवसायाचं भान मला कुठल्याच अभ्यासक्रमात दिसलेलं नाही.

इतक्यात आमचा पोरगा दुधाची किटली घेऊन आला. सात जणांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं.

“काय टाकायचं ठरलं मग?” मी विचारलं.

“ते होय?” तो म्हणाला. “काल रातच्यालाच भरलाय फॉर्म. आयटी टाकलंय.”

“का?”

“पक्यानं टाकलंय.”

पक्याकडे गाडी आहे. जाता-येता सोय होते. करिअर मार्गदर्शनाच्या इतक्या व्याख्यानांना बसलो, पण मुलं विषय कसे निवडतात याचं एवढं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. आई तेवढ्यावर समाधानी नव्हती. “पक्या बँकेत लागणार हाय का?” तिने विचारलं.

आता राहिली पुतणी. ती सहावीत आहे, इंग्रजी शाळेत, आणि कोल्हापूरची मुलगी असल्यामुळे ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलते. नव्या शैक्षणिक धोरणाने तिच्या हातात ‘कौशल बोध’ नावाचं पुस्तक ठेवलंय. वर्षात तीन प्रकल्प करायचे. एक जीवसृष्टीबरोबर, एक यंत्रं आणि साहित्याबरोबर, एक माणसांच्या सेवेचा. शिवाय वर्षाकाठी दहा दिवस दप्तर न्यायचं नाही. मी पुस्तक चाळलं. खरं सांगतो, चांगलं आहे. बहिरेवाडीच्या माणसाला आवडलं असतं. मी तिला विचारलं, “हे शिकवतं कोण गं?”

“ड्रॉइंगचे सर,” ती म्हणाली.

पहिले दोन प्रकल्प तिने पटापट ठरवले. कुंडीत मेथी लावणार आणि आजीचे पाय चेपणार. यंत्र-साहित्याच्या प्रकल्पाचं मात्र अडलंय. तिच्या वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, खडू तिने रांगोळीपुरताच पाहिलाय, आणि माझी गोष्ट ऐकल्यापासून तिने हट्ट धरलाय. “काका, मी खडूच करतो. तुमच्यापेक्षा चांगला करतो.”

प्लास्टर लक्ष्मीपुरीत मिळालं. शेंगतेल घरात आहे. रॉकेल मात्र आता मागितलं तर लोक संशयाने बघतात, ते बघू. अडलंय ते पितळी साच्यावर. दुकानं पालथी घातली, रविवारचा जुना बाजार पाहिला, माझ्या शाळेत जाऊन विचारलं. शिपाई म्हणाला, कधीच मोडीत गेला. तेव्हा विनंती अशी, की कोल्हापुरात कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बंद पडलेल्या शाळेच्या कपाटात असा साचा पडून असेल, तर आठ दिवसांसाठी द्यावा. दोन फाळक्या असतात, मधे खोबणी. तेल लावून, पुसून परत करू. वाळवायची काळजी नको. पाऊस लागलाय, पण शेगडी आमच्याकडे अजून आहे. सांडगे यंदा दुसऱ्या खोलीत ठेवलेत.